सुंडबोर्नचे घर

घर म्हणजे काय, असे कोणी विचारले तर चार भिंती आणि त्यांवर एक छप्पर, असे उत्तर तुमच्यांपैकी पुष्कळजण देतील. आणि ते काही चुकीचे नाही. परंतु एखाद्या घरात पाऊल टाकताच तेथे राहणारी माणसे न भेटताही ओळखीची वाटू लागतात, तर दुसरे एखादे घर किमती सामानाने भरलेले असूनही ते नक्की कोणाचे आहे हे कळत नाही, असा अनुभव तुम्हांला कधी ना कधी आला असेल. माणसांना जसा स्वभाव असतो, तसा काही घरांनाही असतो. असा ठसठशीत स्वभाव असलेले एक लाकडी घर उत्तर युरोपातील स्वीडन देशात आहे. ते राजवाडा नव्हे, किल्ला नव्हे, कोणा लक्षाधीशाची हवेलीही नव्हे. तरीसुद्धा आपले घर कसे सजवावे हे शिकण्यासाठी देशोदेशींचे लोक आजही त्या घराकडे वळतात.

स्वीडनच्या मध्यभागी दालार्ना नावाचा प्रांत आहे. त्यातील फालून शहराजवळ सुंडबोर्न हे लहानसे गाव वसलेले आहे. गावातून एक नदी संथपणे वाहते. तिच्या काठावर, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर हे घर उभे आहे. त्याचे नाव 'लिल्ला हित्नेस'. 'लिल्ला' म्हणजे धाकटे आणि 'हित्नेस' म्हणजे भट्टीचे टोक. पूर्वी या परिसरात खनिज वितळविण्याच्या भट्ट्या होत्या. त्यांची आठवण या नावात शिल्लक राहिली आहे. हे घर ज्यांनी घडविले, त्या कार्ल लार्सन आणि करीन लार्सन या पतिपत्नींची हकीकत आता ऐका.

कार्लचा जन्म 1853 साली स्टॉकहोम या राजधानीच्या शहरात झाला. त्याचे बालपण अत्यंत हलाखीत गेले. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. वडील तापट होते आणि त्यांच्याकडून मुलाला माया अशी फारशी मिळाली नाही. शहराच्या दरिद्री वस्तीतील कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत हे कुटुंब दिवस काढीत असे. अशा खोलीत प्रकाश नसतो, एकांत नसतो आणि मनासारखी एखादी वस्तू ठेवावी तर तिला कोपराही नसतो. कार्लला त्या खोल्यांचा जन्मभर विसर पडला नाही. पुढे त्याने जे घर उभारले, ते त्या खोल्यांना दिलेले उत्तरच होते, असे मला वाटते.

तेरा वर्षांचा असताना शाळेतील एका शिक्षकाच्या नजरेस त्याचे चित्रकलेतील अंग आले. त्यांच्या आग्रहावरून तो राजधानीतील कला अकादमीच्या प्राथमिक वर्गात दाखल झाला. पुढे वृत्तपत्रांसाठी विनोदी चित्रे काढून तो आपला व घरच्यांचा खर्च भागवू लागला. तरुणपणी तो फ्रान्सला गेला. तेथे आरंभी त्याच्या पदरी निराशाच आली. पण 1882 साली पॅरिसपासून काही अंतरावरील ग्रे या खेड्यात तो जाऊन राहिला, आणि त्याचे नशीब पालटले. स्कॅन्डिनेव्हियातील अनेक तरुण चित्रकार तेथे जमले होते. काळपट तैलरंग बाजूला ठेवून कार्लने तेथे जलरंग हाती घेतले, आणि त्याच्या चित्रांत एकदम ऊन पडले. करीन बेर्गो ही चित्रकार तरुणी त्याला याच खेड्यात भेटली. तीही स्टॉकहोमच्या त्याच अकादमीत शिकून पॅरिसला आली होती. 1883 साली त्या दोघांचा विवाह झाला.

विवाहानंतर थोड्याच काळात करीनने चित्रे काढणे सोडून दिले. घर, मुलेबाळे आणि पतीचा व्यवसाय यांत ती गुंतून गेली. तिच्या हातातील कुंचला सुटला खरा. परंतु कला सुटली नव्हती. ती कोठे गेली, हे पुढे दिसेल.

1888 साली करीनच्या वडिलांनी सुंडबोर्नचे ते घर या दांपत्याला दिले. तोपर्यंत तेथे घराण्यातील वृद्ध स्त्रिया राहत असत. घर म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची एक साधी, बुटकी इमारत. कार्ल त्या सुमारास गोथेनबर्ग शहरात चित्रकला शिकवीत असल्यामुळे प्रथम हे कुटुंब केवळ उन्हाळ्यात तेथे येई. पैसा बेताचा होता, मुले वाढत होती. तेव्हा जुने पाडून नवे बांधावे हा विचार शक्यच नव्हता. जसजशी गरज पडली आणि हाती चार पैसे आले, तसतशी त्यांनी घराला एकेक खोली जोडली. म्हणूनच त्या घराची आकृती एका वेळी आखलेली नाही. एखादे झाड फांद्या फुटत फुटत वाढावे, तसे ते वाढलेले आहे. 1901 साली लार्सन कुटुंब तेथे कायमचे राहावयास गेले.

त्यांनी घरात काय केले हे समजण्यासाठी त्या काळी सुखवस्तू घरे कशी असत, हे आधी जाणून घ्यावे लागेल. गडद रंगाच्या भिंती, जमिनीपर्यंत लोळणारे जाड पडदे, कोरीव नक्षीची अवजड काळी आसने आणि कपाटांवर शोभेच्या वस्तूंची गर्दी, ही तेव्हा प्रतिष्ठेची लक्षणे होती. सर्वांत चांगली खोली पाहुण्यांसाठी राखलेली असे. घरच्या मुलांना तेथे मोकळेपणी वावरता येत नसे. आता त्या देशाचे हवामान ध्यानात घ्या. फालूनच्या परिसरात डिसेंबर महिन्यात सूर्य दिवसाकाठी सहा तासही क्षितिजावर राहत नाही. ज्या देशात उजेड इतका दुर्मिळ, तेथील लोक खिडक्यांवर जाड पडदे सोडून तो बाहेरच अडवीत होते!

कार्ल आणि करीन यांनी हा प्रकार मुळातूनच बदलला. बैठकीच्या खोलीतील भिंती आणि आसने त्यांनी फिकट रंगांनी रंगविली. फिकट पृष्ठभाग आपल्यावर पडलेला बराचसा उजेड परत फेकतो. काळा पृष्ठभाग तो गिळून टाकतो. त्यामुळे खिडकीतून आलेला थोडा प्रकाशही खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचू लागला. जाड पडद्यांना त्यांनी रजा दिली आणि खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. अठराव्या शतकातील जुन्या धाटणीच्या खुर्च्या त्यांच्याकडे होत्या. त्यांवर करीनने निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या साध्या कापडाचे अभ्रे चढविले. अभ्रा मळला की काढून धुता येतो, तेव्हा मुले खुर्चीवर चढली तरी कोणी ओरडण्याचे कारण उरत नाही. जमिनीवर भारी गालिचे नव्हते. चिंध्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या लांब पट्ट्यांसारख्या सतरंज्या होत्या. आपल्याकडे जुन्या लुगड्याधोतरांची गोधडी शिवतात. तीच काटकसर आणि तोच मायेचा हात स्वीडनमधील खेडूत स्त्रिया या सतरंज्यांत वापरीत असत.

जेवणाच्या खोलीचा थाट मात्र अगदी निराळा. तेथे फिकेपणाचा मागमूस नाही. लाल आणि हिरवा असे दोन भरदार रंग शेजारी शेजारी नांदतात. हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी सारे कुटुंब दिव्याभोवती बसावयाचे, ते याच खोलीत. म्हणून तिला ऊब देणारे रंग दिले. एक नियम सर्व खोल्यांना लावावयाचा नाही, खोलीचे काम पाहून तिचा रंग ठरवावयाचा, ही त्यांची दृष्टी होती. शिवाय लाकूड महाग घ्यावे लागते, रंग त्या मानाने स्वस्त असतो. जुनेपुराणे कपाट किंवा मोडकळीस आलेला बाक नीट दुरुस्त करून त्यावर एक हात रंग दिला, की तो घरात नव्याने दाखल होई. दारांच्या फळ्या तर कार्लला कोऱ्या ठेवताच येत नसत. त्यांवर त्याने घरातल्या माणसांची चित्रे, फुलांच्या माळा आणि अक्षरे काढली. प्रवेशद्वारावरही आल्यागेल्याचे कार्ल व त्याची पत्नी यांच्या वतीने स्वागत करणारा यमकबद्ध मजकूर आहे.

बाहेरच्या भिंतींचा तांबडा रंग हा मात्र लार्सन कुटुंबाचा शोध नव्हे. स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून आजही तांबडी लाकडी घरे दिसतात. फालून येथे तांब्याची फार मोठी खाण होती. अनेक शतके चालून ती 1992 साली बंद झाली आणि 2001 साली त्या परिसराची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. या खाणीतून निघालेल्या निरुपयोगी मातीदगडांत लोहाचा अंश असे. ती माती भाजून, दळून, पाणी व धान्याचे पीठ यांबरोबर शिजविली म्हणजे एक स्वस्त तांबडा रंग तयार होई. आपल्या गेरूला ज्या लोहद्रव्यामुळे रंग येतो, त्याच जातीचे द्रव्य यातही असते. हा रंग लाकडाला ऊनपावसापासून जपतो. खाणीने टाकून दिलेला कचरा अशा रीतीने साऱ्या देशाच्या घरांची शोभा झाला.

आता या घराची कीर्ती जगभर कशी पसरली, ते पाहू. 1894 सालचा उन्हाळा पावसाने पार धुऊन नेला. बाहेर जाऊन चित्रे काढणे अशक्य झाले आणि कार्ल चडफडत घरात येरझाऱ्या घालू लागला. तेव्हा करीनने त्याला घराचीच चित्रे काढ असे सुचविले, असे सांगतात. त्या मालिकेतील एका चित्राची हकीकत मोठी गमतीची आहे. पाँटस नावाच्या मुलाने जेवताना काही दांडगाई केली, म्हणून त्याला शिक्षा झाली व बैठकीच्या खोलीत एकट्याने बसण्यास फर्मावण्यात आले. थोड्या वेळाने कार्ल तेथे डोकावला. पाहतो तो काय, पट्ट्यांच्या अभ्र्याच्या खुर्च्यांमध्ये तो लहानगा खट्टू होऊन बसला आहे आणि भोवती स्वच्छ उजेड पसरला आहे! बापाचा राग कोठल्या कोठे गेला आणि त्याने कागद व रंग पुढे ओढले. 'शिक्षेचा कोपरा' या अर्थाच्या नावाने ते चित्र आज प्रसिद्ध आहे. शिक्षा भोगणाऱ्या पाँटसला त्या वेळी आपण जगप्रसिद्ध होत आहो, याची काय कल्पना!

अशी एकामागून एक चित्रे होत गेली. एका चित्रात एक मुलगी खिडकीतील कुंड्यांना पाणी घालीत आहे. दुसऱ्यात स्वयंपाकघर दिसते. तेथे थोरली बहीण लोणी घुसळीत आहे. आणखी एका चित्रात अंगणातील मोठ्या भूर्ज वृक्षाखाली लांब मेज मांडून सारे कुटुंब सकाळची न्याहारी करीत आहे. या चित्रांची एक विशेषता तुमच्या ध्यानात येईल. घर पाहुण्यांसाठी मुद्दाम आवरून ठेवलेले नाही. कोठे खेळणे पडले आहे, कोठे कुत्र्याने मधोमध ताणून दिली आहे. घराच्या सजावटीची चित्रे अनेकांनी काढली. पण वापरात असलेले घर सुंदर दिसू शकते, हे कार्लने दाखविले. त्याची रेघ ठळक आणि रंग पातळ असतो. जपानी काष्ठमुद्रेच्या चित्रांचा तो चाहता होता. त्यांचा हा परिणाम असावा.

1897 साली स्टॉकहोमच्या मोठ्या प्रदर्शनात ही जलरंगचित्रे मांडण्यात आली. 1899 साली त्यांतील चोवीस चित्रांचे 'एक घर' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत छपाईची कला तोवर चांगलीच सुधारली होती, त्यामुळे जी चित्रे एरवी एखाद्या धनिकाच्या भिंतीवर लागली असती, ती घरोघर पोहोचली. योगायोग असा, की त्याच वर्षी एलेन केय या स्वीडिश विदुषीचे 'सर्वांसाठी सौंदर्य' अशा अर्थाचे पुस्तक बाहेर पडले. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे, रोजच्या वापरातली साधी वस्तूही सुंदर असली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. आणि त्याचे बोलके उदाहरण सुंडबोर्नला तयारच होते. 1909 साली जर्मनीत कार्लच्या चित्रांचे एक स्वस्त पुस्तक निघाले, तेही अफाट खपले. ज्यांनी स्वीडन कधी पाहिला नव्हता, तेही आपल्या घराच्या भिंतींवरून हात फिरवून काय करता येईल याचा विचार करू लागले.

परंतु चित्रे पाहून एक गैरसमज होण्याचा संभव आहे. त्या घरात नेहमीच ऊन पडलेले असे, असे समजू नये. या दांपत्याला आठ मुले झाली. मात्स नावाचा मुलगा तान्हेपणीच गेला. थोरला मुलगा उल्फ अठरा वर्षांचा असताना, 1905 साली, आंत्रपुच्छाच्या विकाराने वारला. कार्ल या आघाताने खचून गेला. तो मुळातच उदासीनतेकडे झुकणारा मनुष्य होता. हसरी चित्रे काढणाऱ्या या माणसाचे मन अनेकदा काळवंडलेले असे, हे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रावरून लोकांना कळले. मग त्याची चित्रे खोटी म्हणावीत काय? मला तसे वाटत नाही. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या मुलाने उजेडाचे मोल ओळखले होते आणि तो दिसला तेथे तेथे टिपून ठेविला, इतकेच.

आता करीनकडे वळू. पुस्तकावर नाव कार्लचे होते, म्हणून घरही त्याचेच, असा लोकांचा फार वर्षे समज होता. वस्तुतः त्या घरातील अभ्रे, पडदे, भिंतीवरील विणकाम, मुलांचे सैल व सुटसुटीत कपडे आणि कित्येक लाकडी वस्तूंचे आराखडे करीनचे आहेत. कुटुंबासाठी मोठी चित्रशाळा बांधली गेल्यावर जुनी चित्रशाळा ही घरच्या कामाची खोली झाली आणि तेथे करीनचा माग आला. दालार्नातील खेडुतांचे परंपरागत विणकाम तिने बारकाईने पाहिले होते. पण त्याची नक्कल मात्र केली नाही. जेवणाच्या खोलीत बाकाच्या वर तिने विणलेले एक वस्त्र आहे. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार तत्त्वे तिने त्यात रंगांच्या आणि साध्या आकारांच्या साहाय्याने दाखविली आहेत. ते 1903 च्या सुमाराचे काम आहे, हे सांगितल्याशिवाय खरे वाटणार नाही. इतके ते नव्या काळातले दिसते. कार्ल आणि करीन यांच्या शयनगृहांमधील दाराला तिने विणलेला गुलाबाच्या आकृतीचा पडदा असे.

तिने एक झुलती खुर्चीही योजिली होती. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. बसणाऱ्याच्या पाठीला काय हवे, एवढाच विचार. गावच्या सुताराला ती खुर्ची फारच चमत्कारिक वाटली, अशी आठवण सांगतात. बिचाऱ्याचा काय दोष! ज्याला नक्षीकामाचे पैसे मिळतात, त्याला नक्षी नको म्हणणारे गिऱ्हाईक चमत्कारिकच वाटणार.

चित्र चौकटीत बसते, त्यावर सही असते, ते विकले जाते आणि त्याचे मोल होते. अभ्रा, पडदा आणि मेजावरचे वस्त्र यांवर कोणी सही करीत नाही. ती धुतली जातात, झिजतात आणि शेवटी त्यांची चिंधी होते. करीनने आपली कला अशा वस्तूंत ओतली, म्हणून ती दिसत असूनही लोकांना दिसली नाही. गंमत अशी, की कार्लच्या चित्रांतून जगाने ज्या खोल्या पाहिल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक वस्तू करीनच्या हातच्या किंवा तिच्या डोक्यातल्या असाव्यात. म्हणजे तो चित्र काढीत होता आणि ती चित्राचा विषय घडवीत होती.

कार्ल 1919 साली वारला. करीन 1928 साली. मुलांनी घर विकले नाही, की त्यातील सामानाची वाटणीही केली नाही. लार्सन घराण्याच्या वंशजांनी ते आजवर जतन केले आहे आणि लोकांना पाहण्यासाठी खुले ठेविले आहे. 1997 साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात या घरावर एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात चित्रांबरोबर विणलेली वस्त्रे आणि लाकडी सामानही मांडले होते. या वेळी प्रदर्शनाच्या नावात एकट्या कार्लचे नाव नव्हते. 'कार्ल आणि करीन लार्सन' अशी दोन नावे शेजारी शेजारी छापलेली होती.

स्वाध्याय

1. लार्सन कुटुंबाने जाड पडदे का काढून टाकले? त्यामागील कारण तेथील हवामानाच्या आधारे सांगा.
2. बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांना निरनिराळे रंग का दिले असावेत?
3. 'तो चित्र काढीत होता आणि ती चित्राचा विषय घडवीत होती' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हलाखी, मिरासदारी, मागमूस नसणे, रजा देणे.
5. तुमच्या घरातील, कोणीतरी स्वतःच्या हाताने केलेली एखादी वस्तू निवडा. ती कोणी, केव्हा व कशापासून केली याची घरच्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून दहा ओळी लिहा.